जुहूवरून, मावळतीच्या आधी

मुंबईत विमानतळ म्हटले की सांताक्रूझ आणि सहार एवढीच नावे डोळ्यांपुढे येतात. जुहूचा विमानतळ इमारतींच्या आड असा दडला आहे की, रोज त्याच्या भिंतीलगत रिक्षाने जाणाऱ्यांनाही त्याची आठवण होत नाही. देशातील नागरी विमानवाहतुकीचा हा पहिला विमानतळ १९२८ साली सुरू झाला आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन, अहमदाबादमार्गे, पस मॉथ विमानाने येथेच उतरले. त्या काळी पावसाळ्यात हे मैदान पाण्याखाली जाई आणि टाटांची टपालसेवा तेवढे महिने पुण्याला हलवावी लागे. आता येथे मुख्यतः हेलिकॉप्टरांची वर्दळ असते. काही वर्षांपूर्वी, फेब्रुवारीच्या अखेरीस, वैमानिकाचा परवाना असलेल्या माझ्या मावसभावाबरोबर मी याच धावपट्टीवरून संध्याकाळी उडालो. जाऊन परत यायचे, मध्ये कुठेही उतरायचे नाही, एवढाच बेत होता.

विमान होते सेसना १७२. यात चौघे बसतात, आणि पंख डोक्यावर असल्यामुळे खाली पाहताना काही आड येत नाही. हौशी प्रवाशाला याहून सोयीचे विमान सापडणे कठीण. दादाने आधी विमानाभोवती फेरी मारली. पंखाखालच्या झडपेतून त्याने पारदर्शक नळीत थोडे इंधन काढले आणि ती नळी उजेडासमोर धरली. हे पेट्रोल फिकट निळे असते. त्यात पाणी असल्यास ते जड म्हणून तळाशी बसते आणि दोहोंमधली रेघ स्पष्ट दिसते. तशी रेघ नव्हती. मोठ्या विमानाच्या प्रवाशाला ही तपासणी कधीच पाहायला मिळत नाही, आणि मला विचाराल तर सहलीचा आनंद तेथूनच सुरू झाला.

संध्याकाळी समुद्राकडून वारा येतो आणि विमान वाऱ्याला सामोरे जाऊन उडते, म्हणून आम्ही पश्चिमेकडे तोंड करून उभे राहिलो. धावपट्टीचा क्रमांक २६, म्हणजे दिशा साधारण २६० अंशांची. आणि फेब्रुवारीच्या त्या आठवड्यात मुंबईत सूर्य जवळजवळ नेमका त्याच दिशेला मावळतो. परिणामी सूर्य थेट नाकासमोर आला आणि काचेवरचा प्रत्येक ओरखडा चमकू लागला. ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेग आल्यावर चाकांची खडखड थांबली आणि पाहता पाहता जुहूच्या चौपाटीवरची गर्दी मागे पडली. सांताक्रूझहून निघणारी मोठी विमाने याच भागावरून समुद्राकडे झेपावतात, त्यामुळे लहान विमानाला खालच्या उंचीवरच राहावे लागते. दोन्ही विमानतळ इतके जवळ आहेत की, सप्टेंबर १९७२ मध्ये जपान एअरलाइन्सचे डीसी-८ सांताक्रूझ समजून जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरले होते.

आम्ही उजवीकडे वळून किनाऱ्याने उत्तरेला निघालो. वेसाव्याच्या खाडीत होड्यांची दाटी होती आणि वाळूवर बांबूंच्या मांडवांत बोंबील वाळत होते. खाडीच्या मुखाशी ओहोटीचे गढूळ पाणी समुद्रात जिभेसारखे शिरले होते. किनाऱ्यावर उभे राहून कितीही पाहिले तरी समुद्र एकाच रंगाचा वाटतो, पण हजार फुटांवरून त्या पाण्याची कड कात्रीने कापल्यासारखी दिसत होती. पुढे मढ, अक्सा, मग मार्वे. मार्वेहून मनोरीला जाणारी फेरीबोट खाडीच्या मध्यावर होती. ती पैलतीराला पोहोचत आली तरी तिने उठवलेल्या लाटेचे दोन्ही फाटे मागे पसरतच होते, आणि तिरप्या उन्हामुळे फाट्यांची एक बाजू उजळ तर दुसरी काळी दिसत होती. भर दुपारी डोक्यावरच्या उन्हात हे काही दिसत नाही.

विमान जराही हलत नव्हते. “आता गोराईला पाणी सोडून जमिनीच्या वर आलो की थोडे हलेल,” दादा हेडफोनमधून म्हणाला, “पण दुपारी आणले असते तर तू मला शिव्या दिल्या असत्यास.” दुपारी तापलेल्या जमिनीवरची हवा उसळून वर चढते आणि लहान विमानाला धक्के देते, उन्हे कलली की जमीन निवते, ही उसळी ओसरते आणि समुद्रावरून आलेली, सारख्या तापमानाची हवा किनाऱ्यावर स्थिरावते. संध्याकाळच्या उड्डाणाची खरी गोडी मला रंगांपेक्षा या स्थिर हवेत वाटते. गोराईच्या विपश्यना पॅगोडाचा सोनेरी घुमट उजवीकडे ठेवून आम्ही वळलो, तेव्हा पाण्याच्या बाटलीतले पाणीसुद्धा विमानाबरोबर कलले, बाटलीत वाकडे झाले नाही.

हजार फुटांवरून सूर्य किनाऱ्यापेक्षा सुमारे दोन मिनिटे उशिरा मावळताना दिसतो. पण नजरेच्या भरवशावर उडणाऱ्यांनी दिवसाउजेडी परतायचे असते, तेव्हा तो लाभ सोडावा लागला. टेकताना दादाने नाक वर धरून ठेवले, वेग फार घटल्याचा इशारा देणाऱ्या पंखातल्या भोंग्याने बारीक शिट्टी दिली आणि मागची चाके लागली. पुढच्या चाकाला दांडा अडकवून आम्ही दोघांनी विमान हाताने ढकलत जागेवर नेले आणि दोरांनी बांधले. एवढी सहल अर्ध्या तासाहून फार लांबू नये, असे माझे मत आहे. पुढे इंजिनाच्या आवाजाने कान किटतात आणि लक्ष खिडकीतून निघून घड्याळाकडे जाते. दादाला हे पटत नाही. त्याला डहाणूपर्यंत जायचे होते.