जादू खरी असेल, तर कायदा कसा लिहायचा?

काल्पनिक राज्य रचताना सरकारने घातक जादूवर नियंत्रण ठेवावं का, हा प्रश्न येतोच. माझं मत ठाम आहे, ठेवावं. पण 'अघोरी विद्येस बंदी' असं मोघम लिहून ठेवलंत, तर पहिली धरपकड झाडपाला देणाऱ्या म्हातारीची होईल.

चांगला नमुना आपल्याकडेच आहे. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने जादू म्हणजे काय याचा काथ्याकूट केलाच नाही. अनुसूचीत 12 कलमं आहेत आणि त्यांतली कृत्यं म्हणजेच गुन्हा. भूत उतरवायच्या नावाखाली साखळीने बांधणं, चाबकाने मारणं, मिरचीची धुरी देणं वगैरे. शिक्षा 6 महिने ते 7 वर्षं, दंड 5 ते 50 हजार रुपये, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. कीर्तन, भजन, यात्रा, अगदी नंदीबैलवाल्याचं भविष्यसुद्धा स्पष्टपणे बाहेर ठेवलंय.

त्यातलं सर्पदंशाचं कलम मला फार मोलाचं वाटतं. साप चावलेल्याला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा. बहुतेक साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही दर दंशात विष सोडतोच असं नाही, त्यामुळे भगताला गुण येतो असं गावाला वाटत राहतं. मग एखाद्या रात्री मण्यार चावते. दंश फारसा दुखत नाही, सूजही नसते. थोड्या वेळाने पापण्या मिटायला लागतात, बोलणं जड होतं आणि शेवटी श्वास थांबतो. प्रतिविष मिळायला हवं ते तास अंगाऱ्यात गेलेले असतात.

पण हा कायदा जादू चालत नाही हे धरून लिहिलाय. तुमच्या राज्यात मंत्राने खरोखर आग लागत असेल, तर 1884 चा स्फोटक कायदा समोर ठेवा. त्याचा कारभार पाहणाऱ्या संस्थेचं मुख्यालय नागपुरातच आहे. बनवणं, बाळगणं, विकणं, वाहून नेणं, सगळ्याला परवाना लागतो. साठ्याची नोंदवही असते. कोठार वस्तीपासून किती लांब हवं, ते साठ्यावर ठरतं. डिटोनेटर आणि स्फोटकं वेगवेगळी ठेवतात. तुमच्याकडे पोथी एका कोठारात आणि सिद्ध केलेलं भस्म दुसऱ्या कोठारात ठेवायला लावा, म्हणजे एक चोरीला गेलं तरी गाव वाचेल.

खरी कसोटी वशीकरणाची. ज्याचं घर जळालं तो तक्रार करतो, पण वश झालेला माणूस चौकीत येऊन 'मी राजीखुशीने जमीन दिली' असंच सांगणार. ती जबानी ग्राह्य धरली की खटला तिथेच संपला. म्हणून तक्रारीचा हक्क भाऊबंद आणि शेजाऱ्यांनाही द्या. माणसाला महिनाभर मांत्रिकापासून लांब ठेवा, जबानी त्यानंतरच घ्या. आणि तोवर सातबाऱ्यावर फेरफार होऊ देऊ नका.