ऑइल खाणारी गाडी आणि हजार किलोमीटरची ती टेस्ट

पाचगणीहून वाईला उतरताना पसरणी घाटात मागच्या गाडीने दोन-तीनदा दिवे मारले. पुढे जायची घाई असेल म्हणून मी बाजू दिली. शेजारून जाताना त्या माणसाने काच खाली केली आणि म्हणाला, "मॅडम, गाडी धूर मारतीय. निळा आहे, ऑइल जळतंय बघा."

मी पाचगणीत शिकवते आणि राहते वाईला. रोज घाट चढायचा, रोज उतरायचा. गाडी बाबांची. २००७ची पेट्रोल गाडी, चार सिलिंडर, अकराशे सीसीच्या आसपासचं इंजिन, १,३८,००० किलोमीटर झालेले. डोळ्यांमुळे बाबांनी गाडी सोडली तेव्हा चावीबरोबर एक वहीही दिली. पहिल्या दिवसापासूनचं पेट्रोल तीत तारखेनिशी लिहिलंय. २०२२ मध्ये पंधरा वर्षं पूर्ण झाल्यावर पासिंग करून घेतलं, २०२७ पर्यंत कागद आहेत. मला ही गाडी मोडीत काढायची नव्हती आणि आजही नाही.

लिहायचं आहे ते कोणतं ऑइल घ्यावं याबद्दल. पण मधले दोन महिने ज्या टेस्टमध्ये गेले तिचा राग अजून गेलेला नाही, म्हणून आधी ते.

साताऱ्याच्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये मी नेहमी सर्व्हिसिंग करून घ्यायची. तिथे दोन वर्षं ५डब्ल्यू-३० हे पातळ सिंथेटिक ऑइल टाकत होते. मी धुराचं सांगितलं तेव्हा सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर म्हणाले, "आधी ऑइल कन्झम्प्शन टेस्ट करू." मला ते पटलं होतं. मोजल्याशिवाय औषध देऊ नये हे मलाही कळतं. पद्धत अशी: ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरायचं, ऑइल काढायच्या ड्रेन बोल्टवर रंगाची खूण करायची, झाकणावर स्टिकर लावायचा, किलोमीटर लिहून घ्यायचे. हजार किलोमीटर चालवून परत यायचं. मध्ये ऑइल घालायचं नाही, नाहीतर टेस्ट बाद.

माझं रोजचं जाणं-येणं पंचवीस किलोमीटरच्या आत. एखादी साताऱ्याची फेरी धरली तरी हजार किलोमीटर व्हायला दीड महिना लागतो. जूनचे दिवस, पाचगणीत धुकं आणि पाऊस, आणि मी रोज वळणावळणावर ऑइलच्या लाल दिव्याकडे बघत गाडी चालवतेय. तो दिवा ऑइल कमी झालं म्हणून लागत नाही, दाब पडला की लागतो, आणि तोवर बहुतेक उशीर झालेला असतो. हे मला आधीपासून माहीत होतं, त्यामुळे दिवा बंद दिसला तरी जिवाला स्वस्थता नव्हती. सहाशे किलोमीटरला मी फोन केला. "थोडं घालू का?" "नको मॅडम, घातलं तर पुन्हा पहिल्यापासून."

एक गोष्ट मात्र मी पहिल्याच दिवशी पाहिली होती. वर्कशॉपवाल्यांनी गाडी चालू करून आत घेतली, बंद केली आणि लगेच डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी, काढली. तशा वेळी बरंच ऑइल अजून वर, हेडमध्ये असतं, खाली उतरलेलं नसतं. पट्टीवर कमी दिसलं म्हणून त्यांनी आणखी ओतलं, वरच्या खुणेपर्यंत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरी पाहिलं तर पातळी खुणेच्या बोटभर वर. म्हणजे पाव लिटर जास्त. मी ते बाबांच्या वहीत लिहून ठेवलं.

जुलैच्या शेवटी हजार किलोमीटर झाले. सकाळी नऊला वर्कशॉपमध्ये पोचले. गाडी रांगेत उभी राहिली अडीच तास. साडेअकराला मुलगा आला, थंड इंजिनाची डिपस्टिक काढली. आता सगळं ऑइल खाली उतरलेलं. पातळी अर्ध्याच्या थोडी खाली. त्याने लिहिलं: "सामान्य."

मी म्हटलं, सुरुवातीचं माप गरम इंजिनावर घेतलंत आणि शेवटचं थंड. सुरुवातीला पाव लिटर जास्त होतं, ते तुमच्या हिशेबात कुठे आलं? वही दाखवली. नवे अ‍ॅडव्हायझर होते, आधीचे नोकरी सोडून गेले होते. त्यांनी वही हातातही घेतली नाही. "मॅडम, आमची पद्धत हीच आहे." मग संगणकात बघून म्हणाले, जुनं जॉबकार्ड बंद झालेलं नाही, सुरुवातीचे किलोमीटर चढवलेले नाहीत, त्यामुळे टेस्ट धरता येणार नाही. पुन्हा भरू, पुन्हा हजार किलोमीटर.

पुन्हा दीड महिना.

आणि त्याच काउंटरवर, त्याच दहा मिनिटांत, दुसरं वाक्य: "धूर नकोच असेल तर इंजिन उघडावं लागेल. पिस्टनच्या रिंगा, सिलिंडरचं बोअर सगळं. पस्तीस हजारांच्या पुढे धरा." एका कागदावर "सामान्य" आणि दुसऱ्यावर पस्तीस हजार. सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आत दाब किती धरला जातो ते, कोणी तपासलं नव्हतं. प्लग काढून कोणी बघितले नव्हते. मी रोज मुलांना सांगते की वाचन घेताना परिस्थिती तीच ठेवा, नाहीतर आकड्याला अर्थ नाही. आणि इथे माझ्या दीड महिन्याच्या आकड्याला एका कर्मचाऱ्याच्या नोकरी सोडण्यामुळे अर्थ उरला नाही. मी दोन्ही कागद घेतले आणि निघाले.

मोजणं मग मी स्वतःच सुरू केलं. ज्याची गाडी ऑइल खाते त्याने हे पहिल्या दिवसापासून करावं. अंगणात सपाट फरशीची एकच जागा ठरवली. रविवारी सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना, चालू करण्याआधी डिपस्टिक काढायची, फडक्याने पुसायची, पुन्हा पूर्ण घालून काढायची. कमी असेल तेवढं मिलिलिटरच्या खुणा असलेल्या मापाने ओतायचं, वरच्या खुणेपर्यंत. ओतलं तेवढं गाडीने खाल्लं. नजरेचा अंदाज नको, ओतलेलं माप लिहायचं. पाचशे किलोमीटरला ४४० मिलि. म्हणजे हजाराला जवळपास ९००. काही कंपन्यांच्या पुस्तिकांत हजार किलोमीटरला अर्धा ते एक लिटर चालतं असं छापलेलं असतं, "सामान्य" हा शब्द तिथूनच येतो. पण ज्या गाडीत एकूण ऑइलच तीन-साडेतीन लिटर मावतं, तिच्या मालकाने यावर शांत बसू नये.

वाईच्या मिस्त्रींकडे गेले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "बाई, धूर कधी दिसतो?" साताऱ्यात हे कोणी विचारलं नव्हतं. सकाळी चालू केल्याबरोबर एक झोत, आणि घाट उतरून झाल्यावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की एक झोत. चढताना नाही. मिस्त्री म्हणाले, "मग रिंगा नसतील. व्हॉल्व्ह सील बघू." उतारावर पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढलेला असतो, तेव्हा इंजिन हवा ओढायला धडपडतं आणि व्हॉल्व्हभोवतीच्या झिजलेल्या रबरी सीलमधून ऑइल आत खेचतं. खाली आल्यावर पेट्रोल दिलं की ते जळतं. रिंगा गेल्या असत्या तर चढावर, लोड असतानाही सतत धूर दिसला असता. माझा पसरणी घाट म्हणजे रोजची तपासणीच होती, फक्त तिचं वाचन कोणी विचारलं नव्हतं.

तरी मिस्त्रींनी कॉम्प्रेशन घेतलं. आधी कोरडं, मग प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून. ऑइल टाकल्यावर आकडा एकदम वर गेला असता तर रिंगा सैल. आमचा जेमतेम हलला. पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून कानाशी हलवला. चांगला असेल तर आतून खुळखुळतो, आमचा काळ्या चिकट्याने गच्च बसला होता. दोन-अडीचशे रुपयांची वस्तू. ती बंद पडली की इंजिनातला दाब बाहेर जात नाही आणि ऑइलला वाट फुटेल तिथून ढकलतो. हे सगळ्यात आधी तपासा.

सील मागवायला आठवडा लागणार होता. तेवढ्यात मिस्त्री म्हणाले, तोवर २०डब्ल्यू-५० टाकून बघू. इथून ऑइलचा भाग.

कॅनवरचे दोन आकडे मी पूर्वी नुसते वाचायची. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला, नंतरचा शंभर अंशांना इंजिन तापल्यावरचा. सेंटीस्टोक या घट्टपणाच्या मापात ३० ग्रेड तिथे ९.३ ते १२.५ मध्ये बसतो, ४० ग्रेड १२.५ ते १६.३, ५० ग्रेड १६.३ ते २१.९. म्हणजे ५० नंबरचं ऑइल ३० पेक्षा तापल्यावर पावणेदोन पट घट्ट. झिजलेल्या फटीतून ते सावकाश जातं, एवढीच त्याची करामत. थंडीच्या आकड्याची आपल्याकडे काळजी नको. २०डब्ल्यू ऑइल उणे पंधरा अंशांपर्यंत इंजिन फिरू देतं. वेण्णा लेकच्या काठी दव गोठतं त्या सकाळीसुद्धा गाडी चालू होईल.

२०डब्ल्यू-५० वर त्या आठवड्यात आणि नंतर सील लांबल्यामुळे एकूण हजार किलोमीटर गाडी चालली. हजाराला ६१० मिलि. जवळपास एक तृतीयांश फरक फक्त ऑइलने. पण सकाळी चालू केल्यावर चार-पाच सेकंद वरून टकटक यायची, घट्ट ऑइल वर पोचायला वेळ घेत होतं. आणि बाबांच्या वहीतलं अ‍ॅव्हरेज साडेसोळावरून पावणेसोळावर आलं. बाबांनी ते माझ्याआधी पाहिलं.

दुकानातल्या मुलाने त्याच वेळी २०डब्ल्यू-४० पुढे केलं होतं, "हे चालतं सगळ्यांना." कॅनवर जासो एमए लिहिलेलं होतं, म्हणजे ते मोटारसायकलचं. बाइकचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो, त्याच्यासाठी बनवलेलं ऑइल गाडीला घेऊ नका. तसंच १५डब्ल्यू-४० च्या फळीवर बरेच कॅन डिझेलचे असतात. सीआय-४ असं सीने सुरू होणारं डिझेलसाठी. पेट्रोल गाडीसाठी एसने सुरू होणारं बघायचं: एसएल २००१चं, एसएम २००४चं, एसएन २०१०चं, एसपी २०२०चं. पुढचं अक्षर मागच्या गाडीला चालतं, उलट नाही. धूर बंद करणारी म्हणून जी जाड द्रवाची बाटली मिळते ती मी एकदा आणली होती, टाकली नाही. फटी बुजत नाहीत, फक्त ऑइल घट्ट होतं, आणि ते काम ग्रेड बदलून होतं.

सिंथेटिकने गाडी बिघडली असं मला म्हणायचं नाही. आमच्या गाडीला ते पातळ पडत होतं. गाडीची पुस्तिका मी पहिल्यांदा नीट वाचली तेव्हा तिच्यात तापमानाप्रमाणे तक्ताच होता आणि आमच्या हवेसाठी १५डब्ल्यू-४० त्यात बसत होतं. दोन वर्षं ते पान डॅशबोर्डमध्ये पडून होतं.

सील बसवायला हेड उतरवावं लागलं नाही. मिस्त्रींनी प्लगच्या भोकातून हवेचा दाब देऊन व्हॉल्व्ह वर धरले आणि एकेक सील बदललं. जुनी सीलं हातात घेतली तर नखाने दाबली जाईनात, रबराचं प्लास्टिक झालेलं. पीसीव्ही, ऑइल फिल्टर, व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट, मजुरी धरून पाच हजारांच्या आत. वर १५डब्ल्यू-४०, एसएन. भरताना मिस्त्री खुणेच्या खाली थांबले, दहा मिनिटं गाडी उभी ठेवली, मग थेंबाथेंबाने खुणेपर्यंत आणलं. जास्त भरलं तर क्रँक ते घुसळून फेस करतो, फेसाने दाब धरत नाही. मला साताऱ्याचा बोटभर आठवला.

रिकामा कॅन दुकानात तसाच सोडू नका, भोक पाडा किंवा सोबत आणा, नाहीतर त्यात काय भरून परत विकलं जाईल सांगता येत नाही. काढलेलं ऑइल मिस्त्री ड्रममध्ये साठवून गोळा करणाऱ्याला देतात. गॅरेजच्या मागे उतारावर कृष्णा आहे, म्हणून मी ते विचारून घेतलं होतं.

पीयूसी पहिल्याच वेळी निघाली. काल रविवार होता. सील बदलल्यापासून हजार किलोमीटर झाले. बाबा खुर्ची घेऊन अंगणात बसले होते, मी डिपस्टिक पुसून त्यांच्या हातात दिली. त्यांना खूण दिसत नाही, म्हणून त्यांनी अंगठा फिरवून पाहिलं आणि विचारलं, "किती घातलंस?"

"१८० मिलि."

त्यांनी वही मागितली आणि आकडा स्वतः लिहिला.