पेनड्राइव्हवरच्या तीन फायली

बाबांच्या कपाटात 114 डिस्का निघाल्या. नाटकं, जुने सिनेमे, दोन-चार कीर्तनं. बहुतेक व्हीसीडी, म्हणजे एका नाटकाला दोन नाहीतर तीन चकत्या, कारण एकीवर सव्वा तासाच्या आसपासच मावतं. दिवाळीत डीव्हीडी प्लेअरने मान टाकली. आई म्हणाली, "नवा आण." मी नवा प्लेअर शोधायला निघालो आणि कॉम्प्युटर घेऊन आलो. आमच्या घरात हे असंच होतं.

आमचा टीव्ही 40 इंची, फुल एचडी, स्मार्ट वगैरे नाही. बजेट 12,000. मी अकाउंट्समधला माणूस, त्यामुळे आधी खर्चाचं कोष्टक केलं आणि मग लक्षात आलं की कोष्टकाचा काही उपयोग नाही. काय लागणार ते काय बघायचंय यावर ठरतं. म्हणून पेनड्राइव्हवर तीन फायली घेतल्या. एक व्हीसीडीतली. एक डीव्हीडीवरून उतरवलेलं नाटक. आणि तिसरी, न्यू जर्सीहून ताईने पाठवलेला भाचीच्या नाचाचा व्हिडिओ. या तिन्ही ज्याच्यावर नीट चालतील तो आपला.

डोंबिवलीहून दादर, तिथून ग्रँट रोड. लॅमिंग्टन रोडचं सरकारी नाव डॉ. भडकमकर मार्ग, पण ते फक्त पाटीवर. पहिल्याच दुकानात शेठने मोठा टॉवर पुढे सरकवला. "साहब, इसमें दो जीबी का ग्राफिक्स कार्ड डाल देता हूँ, फोर-के मक्खन चलेगा." कार्ड होतं जीटी 710. त्याला एचईव्हीसी, म्हणजे नव्या फोनमधले व्हिडिओ ज्या प्रकारे दाबून साठवतात तो प्रकार, उलगडताच येत नाही. कार्डवर मेमरी किती आहे याचा सिनेमा बघण्याशी फारसा संबंध नसतो. चिपमध्ये त्या-त्या प्रकारचा व्हिडिओ उलगडणारा भाग आहे की नाही, एवढंच बघायचं. तो नसेल तर सगळा भार प्रोसेसरवर येतो.

मला हवा होता ऑफिसांतून निघालेला छोटा डबा. लेनोवो, डेल, एचपी तिघांचेही मिळतात, साधारण लिटरभर आकाराचे, टीव्हीमागे सहज लपणारे. तीन गाळे पुढे तसे रचून ठेवलेले दिसले. आधी इंटेलच्या सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर असलेला लावला. व्हीसीडी चालली, नाटक चाललं. भाची नाचायला लागली आणि चित्र अडखळलं. प्रोसेसर 100 टक्क्यांवर, पंखा मिक्सरसारखा. ताईचा आयफोन बाराच्या नंतरचा, एचडीआर (उजेड-सावल्या जास्त बारकाईने टिपण्याची सोय) चालू, म्हणजे फाइल 10 बिटी, जास्त रंगछटांची एचईव्हीसी, वर फोर-के आणि सेकंदाला 60 चित्रं. आपला टीव्ही फुल एचडी असला तरी फाइल आधी पूर्ण उलगडावीच लागते. 10 बिटी एचईव्हीसी पूर्णपणे चिपमध्ये उलगडणं इंटेलने सातव्या पिढीपासून दिलं. शेजारचा सातव्या पिढीचा डबा लावला, 7500टी. भाची सलग नाचली आणि प्रोसेसर जेमतेम जागा झाला.

दहा हजार पाचशे सांगितले, नऊ हजार पाचशेला दिला. 8 जीबी रॅमसकट, डिस्कशिवाय.

दोन गोष्टींचा विचार करून त्या सोडल्या. इंटेलच्या एन 100 चिपचा नवा डबा एव्ही-वन हा आणखी नवा व्हिडिओ प्रकारही चिपमध्ये उलगडतो, पण बाबांच्या कपाटात एव्ही-वन नाही आणि पैसे जास्त पडत होते. रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरचं दुसरंच. केस, अडॅप्टर, मेमरी कार्ड जोडत गेलं की स्वस्ताई उरत नाही.

आणि आवाज. परदेशी लोक यावर पानंच्या पानं लिहितात: बिनपंख्याची केस, अमुक डेसिबल. डोंबिवलीत वर्षातले दहा महिने डोक्यावर सीलिंग फॅन फिरतो. त्याच्यापुढे या पिटुकल्या पंख्याची काय मजाल. मी डबा उघडून धूळ काढली, प्रोसेसरची उष्णता वाहून नेणारी सुकलेली थर्मल पेस्ट पुसून 200 रुपयांची नवी लावली आणि विषय संपवला. फायली ठेवलेली घरचीच हार्ड डिस्क मात्र कपाटाच्या पत्र्यावर गुणगुणायची. तिच्याखाली जुन्या पंचाची घडी घातली.

दुसरी फेरी माझ्या चुकीमुळे झाली. डब्याला डिस्प्लेपोर्ट, टीव्हीला एचडीएमआय. केबल आणली, चित्रच नाही. अशा केबलला दिशा असते हे ठाऊक नव्हतं. मी उचललेली होती एचडीएमआयमधून डिस्प्लेपोर्टकडे जाणारी. दिसायला जुळ्या बहिणी. बरोबरची 350 ला मिळाली.

विंडोज 11 सातव्या पिढीला अधिकृतपणे चालत नाही, आणि मला नकोच होतं. 1,500 च्या एसएसडीवर लिब्रइलेक ही फुकट सिस्टिम चढवली. डबा सुरू केला की थेट कोडी हा सिनेमे चालवणारा प्रोग्राम उघडतो, मधे काही विचारत नाही.

खरा वेळ गेला तो नाटकांवर. पात्र हललं की कडांना कंगव्याचे दात. ते चित्रीकरण इंटरलेस्ड, म्हणजे एकाआड एक ओळी, अर्ध्या आधी आणि अर्ध्या नंतर टिपलेल्या. या ओळी जुळवून देणारं डीइंटरलेसिंग चालू केल्यावर दात गेले, पण श्रेयनामावली वर सरकताना गचके खायची. आपल्याकडच्या डिस्का पाल पद्धतीच्या, सेकंदाला 25 चित्रं. टीव्ही चालत होता 60 हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला 60 वेळा चित्र. साठाला पंचवीसने भागा, 2.4 येतात. अर्धवट चित्र दाखवता येत नाही, म्हणून काही चित्रं दोनदा, काही तीनदा. कोडीमध्ये फाइलप्रमाणे रिफ्रेश रेट बदलायची सोय आहे. ती लावली, टीव्ही 50 वर गेला आणि नावं तेल लावल्यासारखी सरकू लागली. याला एक रुपया लागला नाही, तीन रात्री लागल्या.

व्हीसीडीचं काही करता आलं नाही. 352 बाय 288 ठिपके 40 इंचांवर पसरले की नटांचे चेहरे ओल्या वर्तमानपत्रावरच्या फोटोसारखे दिसतात. कितीही महागाचा भाग आणा. आईला सांगितलं, तर म्हणाली, "अरे, मला आवाजावरून कळतंय कोण बोलतंय ते."

750 चा एअर माउस (हवेत हलवून चालणारा रिमोटसारखा माउस) धरून एकूण 12,300. बजेटच्या वर 300 गेले. लोकलची तिकिटं धरलेली नाहीत.

आता राहिलंय एकच. अशा डब्यांना टीव्हीच्या रिमोटचं ऐकू येत नाही. आई टीव्ही बंद करते आणि डबा मागे जागाच राहतो. अर्ध्या तासाने झोपेल असं लावून ठेवलंय, बायोसमध्ये, म्हणजे डब्याच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन बटणाने उठेल असंही केलंय. तरी ती रोज रात्री मला हाक मारून विचारते, "तो झोपला का रे?"