गाणं कधी सुरू होणार?

वेंगुर्ल्याच्या बाजारात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. स्पीकर दिवसभर चालू असतो आणि त्यावर बहुतेक वेळ व्हिडिओ गेमचं संगीत वाजतं. सातबाऱ्याच्या प्रती काढायला आलेली माणसं जरा वेळ कान देतात आणि विचारतात, "यातलं गाणं कधी सुरू होणार?" ओळखीचं गिऱ्हाईक असेल तर पुढचा प्रश्नही येतो. "म्हणजे गेम खेळत नसलात तरी तुम्ही हे ऐकता?"

ऐकतो. आणि तुम्ही विचारलंत म्हणून, का ऐकतो तेही सांगतो.

आपल्याकडे हे समजावणं तसं सोपं आहे, कारण दशावतार सगळ्यांनी बघितलेला असतो. पुढच्या जत्रेत एकदा राक्षसाकडे न बघता नुसतं मृदंगवाल्याकडे बघा. त्याची नजर नटाच्या पायांवर असते. संवाद लिहिलेले नाहीत, युद्धात कोण किती गिरक्या घेणार ते ठरलेलं नाही. गिरकी लांबली की ताल लांबतो, नट बोलायला थांबला की थाप थांबते, आणि पेटीवाला एक सूर धरून वाट बघतो. गेमच्या संगीतकाराचं काम हेच. त्याची पंचाईत एवढीच, की तुम्ही घरी खेळायला बसता तेव्हा तो तिथे नसतो. तुम्ही एका दाराशी अर्धा तास अडकून बसाल की धावत सुटाल, याचा विचार त्याला आधीच करून ठेवावा लागतो. सिनेमाच्या संगीतकाराला निदान दृश्य किती लांबीचं आहे ते माहीत असतं.

ही अक्कल गेममध्ये फार लवकर आली. १९७८ च्या 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये खाली उतरणारे चारच सूर आहेत, ढम ढम ढम ढम, बास. पण शत्रू कमी होत जातात तसे ते जलद होतात आणि खेळणाऱ्याचा जीव वर येतो. चार सुरांत याहून जास्त काम कुणी करून घेतलं असेल असं मला वाटत नाही.

मग 'मारिओ'. टीव्हीला जोडायचा तो नकली डबा आणि कॅसेटवाले गेम, आमच्या पिढीतल्या किती घरांत होते! संगीत कोजी कोंडो यांचं, साल १९८५. त्या यंत्रात आवाजाच्या वाटा पाच: दोन सुरावटीच्या, एक खर्जाची, एक नुसत्या खरखरीची, जिच्यातून तालाचं काम काढायचं, आणि एक ध्वनिमुद्रित तुकड्यांसाठी. आता गंमत ऐका. मारिओ उडी मारतो तो आवाजही यातल्याच एका वाटेने येतो. म्हणजे तुम्ही उडी मारलीत की संगीतातला एक आवाज तेवढ्यापुरता गप्प बसतो आणि उडी संपली की परत येतो. लहानपणी हे कानाला कळत नाही. आता हेडफोन लावून ऐकलं की कळतं, आणि मग दुसरं काही ऐकूच येत नाही. शिवाय वेळ शंभराच्या खाली गेला की तीच चाल दामटत धावते. आमच्या घरी त्या क्षणी हमखास कुणीतरी ओरडायचं, "घाई कर रे!"

पण माझा खरा जीव आहे तो १९९१ च्या 'मंकी आयलंड २' वर. त्यातलं वुडटिक हे गाव म्हणजे मोडक्या जहाजांची वस्ती. बाहेर एक चाल वाजत असते. तुम्ही एखाद्या दारातून आत गेलात की चाल तुटत नाही. वाद्य बदलतं, ढंग बदलतो, त्या घरातल्या माणसाचा सूर त्यात मिसळतो. बाहेर आलात की मूळ चाल जिथे असायला हवी तिथेच सापडते. मायकल लँड आणि पीटर मॅककॉनेल या दोघांनी यासाठी आयम्यूज नावाची खास यंत्रणा बनवली होती. मी त्या गावात कामाशिवाय नुसता आत-बाहेर करत बसायचो. गेममधली सोडवायची कोडी राहिली बाजूला.

२०१० च्या 'रेड डेड रिडेम्प्शन'मध्ये वेगळीच युक्ती आहे. बिल एल्म आणि वुडी जॅक्सन यांनी बहुतेक संगीत एकाच पट्टीत, ए मायनरमध्ये, आणि मिनिटाला १३० ठोक्यांच्या एकाच लयीत केलं. म्हणजे कुठलाही तुकडा कुठल्याही तुकड्यावर चढवला तरी बेसूर होत नाही. तुम्ही रमतगमत चाललात तर थोडंच वाजतं. धोका दिसला की थरावर थर चढतात.

आणि न वाजवणं? त्यातही मोठी कला आहे. 'शॅडो ऑफ द कोलोसस'मध्ये ओसाड माळावरून घोडा दौडवताना टापा आणि वारा सोडून काही नाही. राक्षस समोर आला की को ओतानी यांचं संगीत सुरू होतं. हल्लीच्या कित्येक मोठ्या गेममध्ये गवत उपटलं तरी शंभर व्हायोलिनं का वाजतात, ते मला कळत नाही.

आता दुकानातली गोष्ट. एकदा 'असॅसिन्स क्रीड ४: ब्लॅक फ्लॅग'मधली खलाशांची गाणी लावली होती. हा २०१३ चा चाच्यांचा गेम. जहाज शिडावर असताना खलाशी गातात, लढाई जुंपली की गप्प होतात. नवी गाणी मिळवायची तर वाऱ्यावर उडणाऱ्या कागदांमागे छपरांवरून पळावं लागतं. आधार कार्डाची प्रत काढायला आलेला एक तांडेल मान हलवत ऐकत होता. इंग्रजीशी त्याचा काही संबंध नाही. गाणं संपल्यावर म्हणाला, "हे दोर ओढतत, नाय?" बरोबर ओळखलं. ही गाणी जहाजावर दोर ओढताना आणि पाणी उपसताना म्हणायचीच. खलाशांना जोर एकदम लावता यावा, म्हणून त्यांचा ठेका तसा असतो. त्याने फक्त कुठल्या शब्दावर जोर येतो तेवढं ऐकलं होतं.

"याला कोणी मानतं का?" असंही विचारतात. मानतात. 'सिव्हिलायझेशन ४'मधलं स्वाहिली भाषेतलं 'बाबा येतू' हे ख्रिस्तोफर टिन यांचं गाणं २०११ मध्ये ग्रॅमी घेऊन गेलं. २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकच्या उद्घाटनात सगळे देश गेमच्या संगीतावर चालत आले. आणि गाणाराच हवा असेल, तर 'बाबा येतू' मी लगेच लावून देतो.

आपल्याकडे पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी' काढला. देवीदेवता, असुर, सगळं आपलं. संगीत मात्र ग्रीसच्या लिनोस त्झेलोस यांचं. चांगलंच आहे, तक्रार नाही. पण असुर आला की माझे कान झांजेकडे लागतात, त्याला मी काय करू?

हे मी आमच्या आळीतल्या एका मृदंग वाजवणाऱ्याला सांगून बघितलं. म्हटलं, तुमचं वादन तुकड्यातुकड्याने रेकॉर्ड करायचं, शांत, चाल, युद्ध, सगळं एकाच लयीत, मग मशीन ते जोडणार. त्याने नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "आनि मी वाजयतंय तेव्हा म्होऱ्यात नाचतलो कोण?"

कुणीच नाही, म्हटलं. तुम्ही एकटे, कानाला हेडफोन, त्यात लय धरायला टिकटिक.

त्याने चहाचे पैसे दिले आणि म्हणाला, आधी नट घेऊन ये.