निळा रेनकोट

ऑक्टोबर २०२४. ब्राझीलहून सोयाबीन भरून स्पेनला चाललो होतो, तिथल्या डुकरा-कोंबड्यांचं खाणं. बारा ते चारची वॉच माझी. स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी एल हिएरोच्या नैऋत्येला दुपारी दोन-वीसला दुर्बिणीत रंगीत होडी दिसली, माणसांनी गच्च. रडारवर काही नाही, लाकूड तिथे नीट उमटत नाही.

लोकांना वाटतं, जहाज शेजारी नेलं की झालं. आमच्यासारख्या भरलेल्या मालवाहू बल्करला थांबायलाच मैल-दोन मैल लागतात. मग वाऱ्याला आडवं राहून आडोसा करायचा, प्रोपेलर बंद ठेवायचा. खरी भीती त्यापुढे: शिडी दिसताच सगळे एका अंगाला धावतात आणि होडी उलटते. ही उलटली नाही ती आऊटबोर्ड इंजिन धरलेल्या माणसामुळे. त्याने ओरडून सगळ्यांना खाली बसवलं आणि लाटेचा अंदाज घेत होडी अलगद शिडीखाली आणली. आमच्या मालवणात हे जुन्या तांडेलांनाच जमतं. मी कौतुकाने लॉगमध्ये, म्हणजे जहाजाच्या नोंदवहीत लिहिलं: 'सुकाणूवर निळा रेनकोट, उत्तम हाताळणी.'

त्रेसष्ट जण वर आले. निळा रेनकोटवाला सेनेगलच्या म्बूरचा मच्छीमार. एका पोराच्या मोडक्या इंग्रजीतून बोललो. त्यांचा याबॉय म्हणजे आपल्या पेडव्याचा भाऊबंद, गरिबाचा मासा. आता जाळ्यात येत नाही. मॉरिटेनियाच्या पाण्यात परदेशी ट्रॉलर, किनाऱ्यावर भुकटीचे कारखाने. चार-पाच किलो मासळीची एक किलो भुकटी, ती युरोप-चीनमधल्या पाळीव माशांच्या पोटात. युरोपच्या सेनेगलशी झालेल्या, नोव्हेंबर २०२४ मध्ये संपलेल्या करारात फक्त ट्यूना आणि हेक होते, त्यामुळे ब्रसेल्सला हात झटकायला मोकळं. पण याबॉयचे थवे सेनेगल आणि मॉरिटेनिया, दोन्हींच्या पाण्यात फिरतात. आपल्याकडची मोठ्या जाळ्यांच्या पर्ससीन बोटींची भांडणं बघत वाढलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

भाड्याला पैसे नव्हते, म्हणून त्याने सुकाणू धरलं होतं.

एव्हाना ऑफिसच्या तीन मेल आल्या होत्या. तिन्हींत एकच प्रश्न: किती तास वाया गेले?

लास पाल्मासला पोलीस चढले, लॉगची प्रत मागितली. तिथे होडी चालवणाऱ्यालाच माणसं चोरून आणणारा धरतात, वर्षानुवर्षांची कैद होते. हे मला माहीत होतं. लिहिताना आठवलं नाही. अधिकाऱ्याने माझ्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, हा कोण? मी म्हटलं, सगळे भिजलेले, ओळखता नाही आलं.

धक्क्यावर सगळ्यांच्या अंगात आम्ही दिलेले बॉयलर सूट होते. त्याच्याही. रेनकोट मात्र नीट घडी करून त्याने काखेत धरला होता. त्याला वेगळ्या गाडीत बसवलं.

'होडी शिडीला लागली', एवढंच लिहिलं असतं तरी चाललं असतं.