गळती सापडली!

मित्राच्या स्पोर्ट्स कारचं कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) सतत कमी व्हायचं, पण पार्किंगच्या फरशीवर एक डाग नाही. आज गॅरेजमधल्या दादांनी त्याचा छडा लावला. मी दिवसभर शेजारी उभा राहून बघत होतो.

या गाडीचं इंजिन सीटच्या मागे, रेडिएटर मात्र पुढच्या बंपरमध्ये. म्हणजे कूलंटचे पाइप गाडीच्या पोटाखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत! दादांनी आधी इंजिन पूर्ण गार होऊ दिलं (गरम असताना झाकण उघडलं तर उकळतं कूलंट थेट अंगावर उडतं, कृपया विसरू नका). मग कूलंटच्या टाकीच्या तोंडाला हातपंप लावून साधारण 1 बार दाब दिला. पंपावरचा दाबाचा काटा हळूहळू खाली, म्हणजे गळती नक्की. होस, क्लॅम्प, वॉटर पंप, सगळं कोरडं. शेवटी मागच्या डिकीतलं कार्पेट उचललं, तर खाली चिकट ओल आणि तो गोडसर वास. त्याच कूलंटच्या टाकीच्या (एक्स्पान्शन टाकी) जोडावर केसाएवढी चीर! प्लास्टिक वर्षानुवर्षं तापून-गार होऊन ठिसूळ झालेलं. दाब आला की चीर उघडायची आणि गळलेलं सगळं कूलंट कार्पेट पिऊन टाकायचं.

"इपॉक्सी लिंपून टाका" हा सल्ला आलाच. दादा साफ नाही म्हणाले, आणि मला ते शंभर टक्के पटलं. दाबाखाली लिंपण टिकत नाही. नवी टाकी, नवं झाकण, अर्धं कूलंट अर्धं डिस्टिल्ड वॉटर, तेही व्हॅक्यूम लावून भरलं, कारण एवढ्या लांब पाइपांत हवा अडकली की इंजिन तापतं.

पुन्हा दाब दिला, काटा जागचा हलला नाही. मग चांदणी चौकापर्यंत चक्कर मारून आलो. तापमान अगदी नेहमीच्या जागी. काय माणूस आहे हा!