कंपनीकडून लेन्स दुरुस्त करून घेताना

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात लग्नाची छायाचित्रे काढणाऱ्याची लेन्स बिघडली, की पहिल्यांदा कोल्हापूरच्या कारागिराची आठवण होते, कारण बेळगावहून कोल्हापूर शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आहे आणि बंगळुरू जवळजवळ पाचशेवर. माझी २४-७० एफ २.८ लेन्स खानापूर तालुक्यातील एका वरातीत गर्दीचा धक्का लागून कॅमेऱ्यासह खाली आली, तेव्हा मीही आधी कोल्हापूर गाठले. तेथील वयस्कर कारागिरांनी लेन्स कानाशी धरून झूम फिरवला आणि स्पष्टच सांगितले, "मोटर मी बसवून देतो, पण आतली काच तिरकी झालीय. ती नीट बसली का, हे मोजायचं यंत्र माझ्याकडं नाही."

एफ २.८ वर, म्हणजे या लेन्सचे छिद्र पूर्ण उघडे असताना, फोकसची पट्टी इतकी अरुंद असते, की आतल्या काचांचा एक गट किंचित कलला तरी चित्राची एक बाजू धूसर होते. समूहचित्रात वरपक्ष स्पष्ट आणि वधूपक्ष अंधुक आला, तर पैसे कोण देईल? म्हणून लेन्स कंपनीच्या बंगळुरू येथील सेवा केंद्राकडे कुरिअरने पाठवली. आपटून झालेले नुकसान वॉरंटीत बसत नाही, त्यामुळे फुकट दुरुस्तीची आशा नव्हतीच. अंदाजपत्रक नाकारले तरी तपासणी शुल्क द्यावे लागेल, ही अट मात्र लेन्स जमा झाल्यानंतर कळवण्यात आली आणि ती मला आजही खटकते.

पहिल्या अंदाजपत्रकात सुट्या भागांचे २६,३०० रुपये, मजुरी ५,५०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे एकूण ३७,५२४ रुपये लावले होते. वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असल्याने माझी जीएसटी नोंदणी नाही. त्यामुळे हा कर वजावटीत मिळत नाही, तो पूर्ण अंगावर पडतो. मी प्रत्येक भागाची वेगळी किंमत मागवली. तेव्हा दिसले, की खरचटलेले बाहेरचे नळकांडे आणि झूमचा रबरही त्यात धरला होता व त्यांचेच ६,५०० रुपये होत होते. दोन्ही वगळण्यास लेखी सांगितल्यावर बिल २९,८५४ रुपयांवर आले. ही विचारणा केली नसती, तर ते पैसे मुकाट्याने गेले असते.

उरलेली रक्कम जास्त वाटते, पण तिचे कारण समजण्यासारखे आहे. कंपनी एकच काच किंवा एकच दातेरी चाक बदलत नाही. चौकटीत बसवलेला अख्खा गट किंवा मोटरचा संपूर्ण भाग बदलते आणि नंतर यंत्रावर काचांचा अक्ष जुळवून चारही कोपरे तपासते. अशीच जुनी लेन्स बाजारात साधारण ऐंशी हजारांना मिळत होती, म्हणून मी होकार दिला. खरा चिमटा बिलाबाहेरच्या खर्चाचा बसला. तुळशीच्या लग्नानंतरचा हंगाम सुरू झाला होता आणि प्रत्येक समारंभाला दुसरी लेन्स दिवसाला हजार रुपये भाड्याने आणावी लागली. दुरुस्ती पावसाळ्यात निघाली असती, तर हे भाडे वाचले असते. लेन्स परत आल्यावर मी घराच्या विटांच्या भिंतीचे फोटो पूर्ण उघड्या छिद्रावर काढून डावी-उजवी बाजू ताडून पाहिली. दोन्ही सारख्या होत्या. बदललेल्या भागांवर तीन महिन्यांची हमी मिळाली.

माझ्या जुन्या ५० मिमी लेन्सला खानापूर तालुक्यातील जांबोटीकडच्या पावसाळी दमटपणाने बुरशी धरली होती. तिच्या बाबतीत कंपनीने सुटे भाग बंद झाल्याचे सांगून हात वर केले. ती कोल्हापूरच्या त्याच कारागिरांनी बाराशे रुपयांत उघडून पुसून दिली. बुरशीने काचेवरचा लेप खाल्ला तिथले डाग राहिले आहेत आणि समोरून प्रकाश आला, की चित्र फिकट पडते. म्हणून ती आता फक्त मंगल कार्यालयाच्या आतल्या कामाला वापरतो.